उंदीर हुशार झालेले नाहीत, जागा चुकते आहे

‘हल्लीचे उंदीर फार हुशार झालेत, पिंजऱ्यात येतच नाहीत.’ पावसाळा तोंडावर आला की हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात, भाजीवाल्यापाशी, नातेवाइकांच्या फोनवर ऐकू यायला लागतं. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: ‘सरळ औषध टाका आणि मोकळे व्हा.’ पहिलं वाक्य चुकीचं आहे आणि दुसरं धोक्याचं. दोन्ही इतक्या वेळा बोलली जातात की ती खरी आहेत का, हे कुणी तपासायला जात नाही. मला ती तपासायची आहेत, कारण त्यांची किंमत घरातली मुलं, पाळलेली मांजरं, माळरानावरची घुबडं आणि कचरा उचलणारी माणसं मोजतात.

ज्या घरात पिंजरा ‘चालला नाही’ असं सांगतात तिथे मी एकच विचारते: ठेवला कुठे होता? उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. स्वयंपाकघरात, मोकळ्या फरशीवर, साधारण मधोमध. का, तर तिथे उंदीर दिसला होता. म्हणजे रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावल्यावर जिथून तो जीव घेऊन पळाला, ती त्याची रोजची वाट समजून तिथे पिंजरा मांडला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दिवा लागल्यावर उंदीर धावतो तो घाबरून, मिळेल त्या आडोशाकडे. अंधारात निर्धास्त असताना तो त्या जागी पाऊलसुद्धा टाकत नाही.

उंदराची नजर अधू असते. तो फिरतो तो मिशांच्या आणि अंगावरच्या लांब केसांच्या भरवशावर. शरीराची एक बाजू भिंतीला, फळीला, पाइपला लागलेली असली की त्याला सुरक्षित वाटतं. मोकळी जागा म्हणजे मांजर, साप, घुबड, हे त्याच्या रक्तात आहे. म्हणून तो कडेकडेने जातो, आणि एकदा निर्धोक ठरलेली वाट सहसा सोडत नाही. बिळातून निघायचं, भिंतीला घासत जायचं, खायचं, त्याच वाटेने परत. त्या सतत घासण्याने भिंतीच्या तळाशी अंगाच्या तेलाचा आणि धुळीचा काळपट ओघळ तयार होतो. जुन्या कौलारू घरात माळ्याच्या तुळईवरून जाणारा काळा उंदीर जिथे दुसरं लाकूड आडवं येतं तिथे खालून वळसा घेतो, आणि त्या जागी अर्धगोल मळकट डाग उमटतो. हे डाग घरोघरी आहेत. आपण ते दिवाळीच्या सफाईत पुसून टाकतो आणि उंदीर कुठून येतो कळत नाही म्हणतो.

वाट इतकी अरुंद असताना पिंजरा वीतभर लांब ठेवला तरी तो वाटेबाहेर गेला. पिंजरा भिंतीला लागून, लांबीने भिंतीच्या कडेला ठेवायचा. दार वाटेच्या दिशेला उघडं राहिलं पाहिजे, म्हणजे उंदीर वळण न घेता सरळ आत येतो. लाकडी पाटीचा चापाचा सापळा असेल तर तो भिंतीशी काटकोनात आणि घास लावलेलं टोक भिंतीकडे. बहुतेक घरांत तो नेमका उलटा ठेवलेला असतो, घास खोलीकडे आणि स्प्रिंग भिंतीकडे, कारण माणसाला घास दिसायला हवा असतो. उंदराला तो दिसायची गरज नाही. त्याला वास पुरतो, आणि चालता चालता तोंडाशी आला की तो खातो.

वाट सापडत नसेल तर रांगोळी घ्या. ठिपक्यांची रंगीत नको, पांढरी बारीक रांगोळी. चहाच्या गाळणीतून फ्रिजच्या मागे, सिलिंडरच्या कडेला, धान्याच्या डब्यांच्या मागच्या फटीत, नाहणीच्या दाराशी हातभर लांबीचा पातळ थर पाडा आणि झोपा. सकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरून बघा. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, आणि बऱ्याचदा दोन पावलांच्या रांगांमधून गेलेली शेपटीची रेघ. पावलं कुठल्या दिशेने गेली आणि कुठून परतली हे दोन सकाळींत उलगडतं. एका परिचितांच्या घरी सगळ्यांची खात्री होती की उंदीर बाल्कनीतून येतो, आणि पिंजरा बाल्कनीच्या दाराशी गंजत पडला होता. रांगोळीवरची पावलं मात्र ओट्याखालच्या ट्रॉलीकडे गेली. ट्रॉलीच्या तळाशी जी पट्टी नुसती अडकवलेली असते ती काढली, तर मागे सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे पाइपभोवती बोटभर भोक होतं. भोकाची कड तेलकट काळी झालेली, खाली लेंड्या, आणि एका कोपऱ्यात चावून भुगा केलेलं फडकं. पिंजरा तिथे भिंतीला लावल्यावर भरला. गिलावा करताना राहिलेलं ते भोक घराच्या वास्तुशांतीपासून तसंच होतं.

आता हुशारीबद्दल. उंदीर हुशार आहेच, पण ज्याला आपण हुशारी म्हणतो ते बहुतेक वेळा भय असतं. मोठे उंदीर, काळे असोत वा तपकिरी, वाटेवर आलेली नवी वस्तू काही दिवस टाळतात. पहिल्या दोन रात्री पिंजरा रिकामा राहतो, आणि तिथेच माणसाचा धीर सुटतो. तिसऱ्या दिवशी पिंजरा माळ्यावर आणि औषधाची पुडी घरात. खरं तर काही रात्री पिंजरा दार बांधून उघडा ठेवायचा, सापळा न ताणता ठेवायचा, आणि त्यात रोज घास टाकायचा. घास निर्धोकपणे खाल्ला जाऊ लागला की मग ताणायचा. बारक्या उंदराचं उलट आहे. तो नव्या वस्तूकडे चौकसपणे जातो, आणि पहिल्याच रात्री नाही सापडला तर जागा चुकली असं धरून सापळा हलवावा. म्हणजे एकाच्या बाबतीत धीर धरायचा आणि दुसऱ्याच्या बाबतीत धरायचा नाही. म्हणून आधी पाहुणा कोण ते ओळखायला हवं.

ओळख लेंड्यांवरून होते. तांदळाच्या कणीएवढ्या, टोकदार आणि भरपूर असतील तर बारका उंदीर. साधारण बारा मिलिमीटरच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या असतील तर काळा घरउंदीर. हा चढणारा प्राणी आहे. त्याच्यासाठी जमिनीवर पिंजरा लावणं व्यर्थ; तो माळ्यावर, पडद्याच्या दांडीच्या वर, केबल आत येते तिथे, कौलांखालच्या वाश्यांवर जातो, आणि पिंजराही तिथेच, नीट बांधून ठेवायला हवा. जाड, बोथट, पाऊण इंचाच्या लेंड्या म्हणजे तपकिरी उंदीर किंवा घूस. ही मंडळी खालची: गटार, अंगण, तळमजला, गोदाम. घुशीच्या बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असतो. अंगणात पाच-सहा बिळं दिसत असतील तर संध्याकाळी सगळी ओल्या मातीने लिंपून टाका; सकाळी जी पुन्हा उकरलेली दिसतील ती जिवंत बिळं. शेतकऱ्याला ही युक्ती ठाऊक असते, आणि रायगडातल्या कातकरी माणसांना बांधावरचं बीळ बघून आत कोण आहे ते सांगता येतं. शहरात येताना आपण हे ज्ञान मागे टाकलं आणि घूस कुंडीपाशी बीळ करत असताना पिंजरा पलंगाखाली ठेवू लागलो.

पिंजऱ्यात लांब सोंडेसारखं तोंड, बारीक डोळे आणि उग्र वास असलेला प्राणी सापडला तर ती चिचुंद्री. ती उंदीर नाही, झुरळं खाते. तिला सोडून द्या.

काही समजुती इतक्या घट्ट बसल्या आहेत की त्यांना उत्तर द्यावंच लागतं. पिंजरा लावताना मोठ्याने बोलू नये, उंदराला कळतं, हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. उंदराचे कान तीक्ष्ण असतात, पण मराठी त्याला कळत नाही. पिंजऱ्याला माणसाच्या हाताचा वास लागता कामा नये, ही दुसरी. जो प्राणी आपल्या उशाशी, आपल्या डब्यांवर, आपल्या उष्ट्यावर जगतो, त्याला आपल्या वासाचं भय कसलं? हातमोजे घालायचेच, पण उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टो टाळण्यासाठी. आणि घास? खोबऱ्याचा भाजलेला तुकडा, भजं, सुका बोंबील यावर घराघरांत वाद चालतात आणि पिंजरा मात्र वर्षानुवर्षं एकाच कोपऱ्यात असतो. घास वाटाण्याएवढा पुरे, दोऱ्याने आवळून बांधा म्हणजे ओढून नेता येणार नाही. घासापेक्षा महत्त्वाचं म्हणजे रात्री बाकीचं अन्न झाका: ओल्या कचऱ्याची बादली, मांजराची ताटली, देवापुढचा नैवेद्य, तुपात भिजलेल्या वाती. सगळं घर जेवायला मोकळं ठेवून पिंजऱ्यातल्या भज्याकडून अपेक्षा करणं उंदराला न समजल्याचं लक्षण आहे.

आणि एक पिंजरा! दोन खोल्यांच्या घरात एक, चार मजली इमारतीतही एक, तो आळीपाळीने घरोघरी फिरतो. बारका उंदीर आपल्या घरट्यापासून जेमतेम काही मीटर फिरतो. बैठकीतला सापळा स्वयंपाकघरातल्या उंदराच्या जगातच नसतो. बारक्या उंदरासाठी दर दोन-तीन मीटरवर एक सापळा, आणि सगळे एकाच रात्री, हा साधा हिशेब आहे. शिवाय उंदरीण तीन आठवड्यांत वितेही. महिन्यात एक उंदीर पकडून समाधान मानणाऱ्या घरात उंदीर वाढतच राहतात.

आता ‘औषध टाका’. औषध हा शब्दच मला खटकतो, पण तो वाद इथे नको. आत काय असतं ते बघू. झिंक फॉस्फाइडची करडी-काळी पूड पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी फॉस्फीन वायू सोडते. त्यावर उतारा नाही. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट पोटात गेलेलं माणूस एक-दोन दिवस बरं वाटतंय म्हणतं, आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. यावरही उतारा नाही. ही पेस्ट पोळीला लावून ओट्याखाली सारण्याची पद्धत अजून चालू आहे, आणि त्याच ओट्याखाली रांगतं मूल जातं. रागाच्या एका क्षणी हाताशी विष असल्यामुळे गेलेली तरुण माणसं हा वेगळाच, आणि माझ्या मते सर्वांत जड मुद्दा. विष घरात नसणं हाच अशा क्षणी एक आधार असतो.

सोसायट्यांमध्ये टाकतात ते निळे-हिरवे केक बहुधा ब्रोमाडिओलोनचे, ०.००५ टक्क्यांचे. त्याने रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि उंदीर चार-सहा दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. याला व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, हे खरं, आणि पेस्ट कंट्रोलचा कंत्राटदार ते आवर्जून सांगतो. तो हे सांगत नाही की त्या चार-सहा दिवसांत झिंगलेला, मंदावलेला उंदीर मांजराच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या तोंडी सहज पडतो आणि विष पुढे जातं. गव्हाणी घुबडाच्या एका जोडीने पिल्लं वाढवताना रात्रीमागून रात्र उंदीर नेलेले असतात. आपण विष घालून आपलाच राखणदार मारतो.

पण विषाविरुद्ध माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. विष काहीच सांगत नाही. उंदीर कुठला होता, कुठून आला, किती होते, कुठे मेला, यातलं काहीही केक संपल्यावरून कळत नाही. काही दिवसांनी डक्टमधून वास येतो, मग फॉल्स सीलिंग फोडायचं की नाही यावर चर्चा होते, आणि पाइपभोवतीचं भोक जिथल्या तिथे राहतं. पुढच्या तिमाहीत नवा उंदीर, नवा केक, नवं बिल. सापळा मात्र उत्तर देतो. अमुक भिंतीशी, अमुक जातीचा, अमुक रात्री. ज्या भिंतीशी सापळा भरतो तिथून चार हातांत भोक असतं, आणि ते बुजवणं हे खरं काम. बारक्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण बारा. भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भरा. नुसता फोम किंवा लांबी तो कुरतडून टाकतो. दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी, नाहणीला घट्ट जाळी, एसीच्या पाइपभोवती सिमेंट. हे झाल्याशिवाय कुठलाच उपाय टिकत नाही, आणि हे कुठे करायचं ते नीट ठेवलेला सापळाच सांगतो.

ग्लू पॅडबद्दल थोडक्यात. चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन्‌तास, कधी दिवसभर जिवंत राहतो, किंचाळतो, सुटण्यासाठी स्वतःची कातडी ओढून काढतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला अनावश्यक वेदना देणं गुन्हा आहे, आणि प्राणी कल्याण मंडळाने या पॅडविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. तरी ते दुकानात दर्शनी भागात टांगलेले असतात. त्यावर पाली आणि चिमण्याही चिकटतात. ते विकत घेऊ नका, एवढंच म्हणेन. आवाजाने उंदीर पळवणाऱ्या प्लगमध्ये लावायच्या यंत्रांवर तर पैसेच घालवू नका. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्ये अशा साठहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना त्यांचे दावे पुराव्याने सिद्ध करा म्हणून इशारा दिला होता. तीच यंत्रं इकडे आजही खपतात.

एक आक्षेप मी मनापासून गंभीरपणे घेते: उंदीर गणपतीचं वाहन, त्याला मारायचं कसं? पिंजऱ्यात पकडायचा आणि लांब सोडायचा. या भावनेचा मला आदर आहे, पण सोडतात कुठे ते बघा. नाल्यापलीकडे, रेल्वेच्या कडेला, ‘तिकडे मोकळं आहे’ म्हणून. तिकडे पत्र्याची घरं आहेत, जमिनीवर झोपणारी मुलं आहेत. आपल्या घरातला उंदीर त्यांच्या दारात सोडणं म्हणजे दया नव्हे. शिवाय अनोळखी जागी बीळ नाही, वाट माहीत नाही, तिथले उंदीर हाकलतात. सोडलेला उंदीर बहुतेक वेळा हाल होऊन मरतो. पिंजरा बादलीत बुडवणं हेही क्रूर आहे. मारायचंच असेल तर योग्य आकाराचा, कडक स्प्रिंगचा चापाचा सापळा योग्य वाटेवर ठेवला तर मान मोडून क्षणात मरण येतं. बारक्या उंदराचा सापळा मोठ्याला लावला की तो जखमी होऊन सापळा घेऊन फिरतो, म्हणून आकाराची चूक करू नका. लहान मुलं घरात असतील तर सापळा भिंतीला लावलेल्या बुटाच्या खोक्यात, दोन बाजूंना भोकं पाडून ठेवा. उंदराला असली बोगद्यासारखी जागा आवडतेच.

हा सगळा खटाटोप एका क्षुल्लक प्राण्यासाठी कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच राज्याचा इतिहास आठवावा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीला आला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांच्या निदानाने. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला. पडलेल्या, सोडलेल्या घरांत धान्य राहिलं आणि परिसरात उंदीर वाढले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला; त्याआधी गावात पिसवांचा त्रास होता आणि उंदीर पडत होते. प्लेगच्या साथीत आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, हा नियम आहे, कारण मेलेल्या उंदरावरून पिसवा उतरतात आणि नवं शरीर शोधतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली. त्याचे जंतू उंदराच्या लघवीतून पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून शिरतात. म्हणून मेलेला उंदीर चिमट्याने किंवा पिशवी हातात घालून उचला, लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवा. आणि मेलेला उंदीर उघडा रस्त्यावर फेकू नका. सकाळी तो उचलणाऱ्या माणसाच्या हातात मोजे असतीलच असं नाही.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे. पेस्ट कंट्रोलच्या कंत्राटदाराकडे किती केक टाकले याची नोंद असते. यंदा कंत्राट नूतनीकरणाला येईल तेव्हा वेगळी नोंद मागा: किती सापळे लावले, कुठल्या भिंतीशी, कुठे काय सापडलं, आणि त्यानंतर कुठलं भोक बुजवलं. मीटरची खोली, पंपघर, कचऱ्याचे डबे, लिफ्टचा खड्डा आणि डक्टची तळाची दारं या जागांचा त्यात उल्लेख हवा. हे लिहून द्यायला तो तयार नसेल तर कंत्राट देऊ नका. वर्षभराच्या त्या पैशांत पिंजरे येतात, जाळ्या येतात आणि दोन दिवसांसाठी गवंडीही येतो.